‘मिथिंक्स’ हे जुने इंग्रजी क्रियारूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मिथिंक्स’ म्हणजे नेमके काय?

‘मिथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटते’. हा अर्थ केवळ सोयीसाठी दिलेला नाही. शब्दाची घडणही तीच आहे. त्यातला पहिला भाग हे ‘मला’ या अर्थाचे सर्वनाम आहे आणि दुसरा भाग हे ‘वाटते, भासते, दिसते’ या अर्थाचे तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापद आहे. अनेक इंग्रजी शब्दांना मराठीत नेमका प्रतिशब्द मिळत नाही आणि आपल्याला तडजोड करावी लागते. इथे मात्र परिस्थिती उलट आहे. आजच्या इंग्रजी भाषकाला जी रचना विचित्र वाटते, ती मराठी माणूस दिवसातून शंभर वेळा सहज वापरतो.

हे अशुद्ध इंग्रजी नाही का? ‘आय थिंक’च्या जागी ‘मी थिंक्स’ असे कोणी का म्हणावे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि तो रास्तही आहे. वरवर पाहता या शब्दात दोन चुका दिसतात. कर्ता ‘आय’ असायला हवा, तिथे कर्मरूप आले आहे, आणि प्रथम पुरुषाच्या क्रियापदाला नको असलेला ‘स’ जोडला आहे. पण या दोन कथित चुका एकत्र ठेवून पाहिल्या की त्या एकमेकींचे स्पष्टीकरण देतात. सर्वनाम कर्ता नाही म्हणूनच ते कर्मरूपात आहे, आणि ते कर्ता नाही म्हणूनच क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. क्रियापद तृतीय पुरुषात आहे, कारण ‘वाटणे’ ही क्रिया बोलणारा करत नाही, ती त्याच्या बाबतीत घडते.

मराठी वाचकाची इथे आणखी एका कारणाने फसगत होते. इंग्रजीतले ‘मला’ या अर्थाचे सर्वनाम देवनागरीत लिहिले की ते ‘मी’ असे दिसते आणि आपल्या भाषेत ‘मी’ हा तर कर्ता. त्यामुळे ‘मी थिंक्स’ वाचताना मन नकळत ‘मी विचार करतो’ याकडे झुकते. वर्गात हा शब्द शिकवताना फळ्यावर तो देवनागरीत लिहिण्याआधी या गोंधळाची कल्पना दिलेली बरी, असा माझा अनुभव आहे.

पण ‘थिंक’ म्हणजे विचार करणे. मग ‘वाटणे’ कुठून आले?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 सालापूर्वीच्या इंग्रजीत, ही दोन वेगळी क्रियापदे होती. एक विचार करण्याचे. त्याचा उच्चार देवनागरीत अंदाजे ‘थेंचन’ असा लिहिता येईल. दुसरे वाटण्याचे किंवा भासण्याचे, अंदाजे ‘थ्युंचन’. भूतकाळातही फरक होता. पहिल्याचे रूप ‘थोहते’सारखे आणि दुसऱ्याचे ‘थूहते’सारखे. ही दोन क्रियापदे एकमेकांची नातलग होती, पण कामे वेगळी करत. पहिल्याला ‘मी’ लागे, दुसऱ्याला ‘मला’.

पुढे मध्ययुगीन इंग्रजीत स्वर बदलत गेले, या दोन्ही क्रियापदांचे उच्चार एकमेकांजवळ आले आणि अखेर एकरूप झाले. कानाला एकच शब्द ऐकू येऊ लागल्यावर बोलणाऱ्यांच्या मनात दोन शब्द वेगळे राहणे कठीण होते. विचार करण्याचे क्रियापद टिकले आणि वाटण्याचे क्रियापद त्यात विरून गेले. ‘मिथिंक्स’ हा त्या विरलेल्या क्रियापदाचा उरलेला तुकडा आहे. म्हणून त्याचा अर्थ आजच्या ‘थिंक’वरून लावू नये.

जर्मनमध्ये हा फरक अजूनही डोळ्यांना दिसतो. तिथे ‘डेंकेन’ म्हणजे विचार करणे आणि ‘ड्यूंकेन’ म्हणजे वाटणे, जरी हे दुसरे क्रियापद आता तिथेही जुनाट झाले आहे. आइसलँडिक भाषेत तर ‘मला वाटते’ या घडणीचे वाक्य, म्हणजे ‘म्येर थीकिर’, आजही रोजच्या व्यवहारात आहे.

ही रचना किती जुनी आहे?

इंग्रजीचे लिखित साहित्य जितके जुने, जवळपास तितकीच. ‘बेओवुल्फ’ या काव्याची आज उपलब्ध असलेली हस्तलिखित प्रत इसवी सन 1000च्या आसपासची आहे. त्यात विग्लाफ हा तरुण योद्धा आपल्या पळपुट्या सोबत्यांना सुनावतो की राजा संकटात असताना आपण ढाली घेऊन घरी परतावे हे मला उचित वाटत नाही. मूळ ओळीतले शब्द ओळीने ठेवले तर ‘नाही – वाटत – मला – उचित’ असे येतात. मराठी वाचकाला या ओळीत उलगडून सांगण्यासारखे काही उरत नाही. फक्त शब्दांचा क्रम बदलला की आपले वाक्य तयार होते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसर हा इंग्रज कवी आपल्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत यात्रेकरूंची ओळख करून देण्यापूर्वी म्हणतो, ‘मी थिंकेथ इट अकॉर्डंट टू रेझून’. म्हणजे, प्रत्येकाची हकीकत आधी सांगणे मला युक्त वाटते. इथे दोन शब्द अजून सुटे आहेत आणि क्रियापदाला जुना ‘-एथ’ हा प्रत्यय आहे. चॉसरच्या काळी ‘हिम थॉट’ म्हणजे ‘त्याला वाटले’, अशी इतर पुरुषांची रूपेही सर्रास चालत.

अशी रचना फक्त याच क्रियापदाची होती का?

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण एकट्या ‘मिथिंक्स’कडे पाहिले तर ते अपवाद भासते. प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीत मनात किंवा शरीरात आपोआप घडणाऱ्या गोष्टींसाठी अशा वाक्यांचा एक मोठा वर्गच होता. भूक लागणे, तहान लागणे, आवडणे, पश्चात्ताप होणे, वाटणे या सगळ्यांत अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत येई. मराठीत आपण ‘मला भूक लागली’, ‘मला आठवते’, ‘मला समजले’, ‘मला मळमळते’ असे म्हणतो, तोच हा प्रकार. आपल्या व्याकरणात ‘मळमळणे’, ‘उजाडणे’ यांसारख्या क्रियापदांना भावकर्तृक क्रियापदे म्हणतात, कारण त्यांत क्रियेहून वेगळा असा कर्ता सापडत नाही. ज्यांनी शाळेत हा भाग नीट शिकला आहे, त्यांना ‘मिथिंक्स’ समजायला आणखी कोणत्याही व्याकरणाची गरज नाही.

आजच्या ‘लाइक’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्याचा जुना अर्थ ‘आवडणे’ हाच होता, म्हणजे आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. शेक्सपिअरच्या ‘द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात एक पात्र दुसऱ्याला म्हणते, ‘द म्युझिक लाइक्स यू नॉट’. आजच्या इंग्रजीच्या नियमाने या वाक्यातून ‘संगीताला तुम्ही आवडत नाही’ असा उफराटा अर्थ निघेल, पण मूळ अर्थ अगदी साधा आहे: ‘तुम्हाला संगीत आवडलेले दिसत नाही’.

या वर्गाचे काही अवशेष आजही बोलण्यात आहेत, पण त्यांच्याकडे लक्ष जात नाही. ‘इफ यू प्लीज’ याचा मूळ अर्थ ‘आपल्याला रुचत असेल तर’ असा आहे. त्यातला ‘यू’ हा मुळात कर्ता नव्हता. ‘वो इज मी’ या उद्गारातही शेवटचे सर्वनाम चतुर्थीचे आहे. कोणी स्वतःलाच ‘मी दुःख आहे’ असे म्हणत नाही, तर ‘मला दुःख आले’ असे म्हणतो.

मग इंग्रजीने ही रचना का सोडली?

याचे मुख्य कारण विभक्तिप्रत्ययांचा लोप हे आहे. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने यासाठी दिलेले एक उदाहरण भाषाभ्यासकांत प्रसिद्ध आहे. ‘राजाला नासपती आवडल्या’ या अर्थाचे जुने इंग्रजी वाक्य घ्या. त्यात ‘राजाला’ हे चतुर्थीत होते, नासपती प्रथमेत होत्या आणि क्रियापद नासपतींशी जुळून अनेकवचनी होते. मराठी वाक्यातही ‘आवडल्या’ हे नासपतींप्रमाणेच चालते. पुढे ‘राजा’ या शब्दाचा चतुर्थीचा प्रत्यय गळाला आणि ‘राजा आवडल्या नासपती’ अशा स्वरूपाचे वाक्य उरले. काही काळाने क्रियापदाचा अनेकवचनी प्रत्ययही गेला. आता वाक्यात सर्वांत आधी राजा होता, त्याच्यावर कोणतीही खूण नव्हती आणि इंग्रजीत कर्ता क्रियापदाआधी येण्याची सवय पक्की होत चालली होती. नव्या पिढीने राजालाच कर्ता मानले. ‘राजाला आवडल्या’चे ‘राजाने पसंत केल्या’ असे झाले, आणि हे घडताना कोणाला काही बदलल्याचे जाणवलेही नाही.

मराठीत ‘-ला’ हा प्रत्यय शाबूत आहे, म्हणून ‘राजाला’ कितीही पुढे आणले तरी ते कर्ता होत नाही. प्रत्यय टिकला म्हणून रचना टिकली.

सगळे गेले, मग ‘मिथिंक्स’च का उरले?

कारण सर्वनामांवर विभक्तीची खूण राहिली. ‘राजा’ हे नाम दोन्ही विभक्तींत सारखे दिसू लागले, पण ‘आय’ आणि ‘मी’ यांत गोंधळ होणे शक्य नव्हते. शिवाय ‘मला वाटते’ हे बोलताना इतक्या वेळा येते की ते दोन शब्द एकमेकांना चिकटून एकच शब्द झाला, आणि एकदा शब्द गोठला की आतल्या व्याकरणाचा विचार कोणी करत नाही. शेक्सपिअरच्या सुरुवातीच्या छापील प्रतींत हे दोन शब्द अनेकदा सुटे छापलेले आढळतात. म्हणजे गोठण्याची ही क्रिया तेव्हा पूर्ण झालेली नव्हती.

‘मिथिंकेथ’, ‘मिथॉट’ आणि ‘मिसीम्स’ यांत फरक काय?

‘मिथिंकेथ’ हे त्याच शब्दाचे अधिक जुने रूप आहे. ‘-एथ’ हा प्रत्यय इंग्लंडच्या दक्षिण भागातला आणि ‘-स’ उत्तरेकडचा, आणि पुढे उत्तरेकडचा प्रत्यय सर्वत्र पसरला. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात जुनेच रूप आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात वेशीवरचा पहारेकरी दुरून धावत येणाऱ्या माणसाकडे पाहून म्हणतो की पुढच्याची धाव मला अहीमासाच्या धावण्यासारखी दिसते. हे उदाहरण विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे, कारण पहारेकरी इथे विचार करत नाही, तो पाहतो आहे. ‘मिथॉट’ हे भूतकाळी रूप आहे, म्हणजे ‘मला वाटले’. ‘मिथिंक्ड’ असे रूप नाही. ‘मिसीम्स’ हा ‘सीम’ या क्रियापदापासून त्याच धर्तीवर झालेला शब्द आहे.

‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मिथिंक्स’ या वाक्याचा खरा अर्थ काय?

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातल्या दुसऱ्या प्रवेशात राजवाड्यात नाटक सुरू असते. त्या नाटकातली राणी शपथेवर शपथ घेत असते की पती वारला तर आपण पुन्हा कधीही लग्न करणार नाही. हॅम्लेट आपल्या आईला, म्हणजे गर्ट्रूडला, विचारतो की नाटक कसे वाटते, आणि ती हे वाक्य उच्चारते. त्या काळी ‘प्रोटेस्ट’ म्हणजे विरोध करणे नव्हे, तर ठासून सांगणे, ग्वाही देणे. म्हणजे ती म्हणते, ‘ही बाई जरा जास्तच आणाभाका घेते आहे, असे मला वाटते’. आज हे वाक्य ‘जो फार नाकारतो तोच दोषी’ अशा अर्थाने वापरले जाते. ती पुढची घडामोड आहे. लोक बहुधा ‘मिथिंक्स’ वाक्याच्या सुरुवातीला आणतात, पण मूळ ओळीत ते शेवटी आहे, आणि त्या स्थानामुळे गर्ट्रूडच्या बोलण्यातली अस्वस्थता मला अधिक जाणवते. विधान करून झाल्यावर ती ते मागे ओढून ‘मला असे वाटते’ एवढ्यावर आणते.

या एका ओळीत इंग्रजीतले स्थित्यंतरही पाहता येते. 1604च्या सुमाराच्या प्रतीत ‘डथ प्रोटेस्ट’ आहे, तर शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623च्या संग्रहात ‘प्रोटेस्ट्स’. ‘-थ’ आणि ‘-स’ ही दोन्ही रूपे त्या काळी शेजारी शेजारी नांदत होती.

त्याच प्रवेशात पुढे हॅम्लेट ढगाकडे बोट दाखवून पोलोनियस या दरबाऱ्याला विचारतो की तो उंटासारखा आहे ना, मग म्हणतो, ‘मिथिंक्स इट इज लाइक अ वीझल’ (वीझल म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक लहान प्राणी), आणि पोलोनियस प्रत्येक वेळी होकार देतो. ‘मला तो ढग वीझलसारखा वाटतो’ हे या क्रियापदाच्या मूळ अर्थाचे इतके निखळ उदाहरण आहे की त्याहून चांगले मला दुसरे सापडलेले नाही. काय आहे आणि काय भासते, हाच त्या नाटकाचा गाभा आहे. पहिल्या अंकात हॅम्लेट आईला ‘वाटणे मला ठाऊक नाही’ असे सुनावतो, तेव्हापासून तो धागा चालू असतो. रिचर्ड डॉकिन्स यांनी 1986च्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’मध्ये हेच वाक्य, मोकळ्या जागा धरून 28 अक्षरांचे, संगणकावर निवडीच्या तत्त्वाने टप्प्याटप्प्याने जुळवून दाखवले, त्यामुळे अनेक विज्ञानवाचकांची या शब्दाशी पहिली भेट तिथे झालेली असते.

मराठीत भाषांतर करताना नेहमी ‘मला वाटते’ असेच लिहावे का?

बहुतेक ठिकाणी होय, पण सरसकट नाही. मराठी ‘वाटणे’ दोन कामे करते. ‘मला वाटते, आपण उद्या जावे’ यात मत आहे. ‘मला वाटले, दारावर कोणी आले’ यात भास आहे. ‘मिथिंक्स’ही ही दोन्ही कामे करते आणि भाषांतरकाराने प्रत्येक ठिकाणी कोणते काम आहे ते ओळखले पाहिजे. हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशिओला, ‘मिथिंक्स आय सी माय फादर’ म्हणतो, तेव्हा ते मत नाही. ‘वडील डोळ्यांसमोर दिसत असल्यासारखे वाटते’ किंवा ‘वडील दिसल्याचा भास होतो’ असे काही तिथे हवे. मॅकबेथला राजाच्या खुनानंतर ‘झोप संपली’ असे ओरडणारा आवाज ऐकू आल्याचे ‘मिथॉट’ने सांगितले आहे. तिथे ‘माझ्या मते आवाज आला’ असे लिहिले तर प्रसंगच कोसळेल. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये जागा झालेला बॉटम आपले स्वप्न सांगू पाहतो आणि ‘मिथॉट’ या शब्दाशी पुन्हा पुन्हा अडखळतो. कवी मिल्टननेही आपली दिवंगत पत्नी स्वप्नात दिसल्याच्या सुनीताची सुरुवात याच शब्दाने केली आहे. स्वप्न आणि ‘मिथॉट’ यांची ही सोबत योगायोगाची नाही. स्वप्न माणूस पाहतो असे आपण म्हणतो खरे, पण ते त्याला पडते.

दुसरा प्रश्न भाषेच्या जुनेपणाचा. अनेक जण जुना शब्द म्हणून ‘मज गमे’, ‘मज भासे’ असे जुने मराठी वापरण्याकडे वळतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना ‘मिथिंक्स’ हा शब्द जुना वाटत नव्हता. तो ‘आय थिंक’च्या बरोबरीने चालू भाषेत होता. म्हणून त्याच्या पात्राच्या तोंडी साधे ‘मला वाटते’ हेच प्रामाणिक आहे. उलट आजचा एखादा लेखक मुद्दाम नाटकी ढंगाने ‘मिथिंक्स’ लिहीत असेल, तर तिथे ‘मज वाटे’ शोभेल. गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. तेव्हापासून मराठी भाषांतरकारांच्या हाती ‘वाटणे’ हे तयार क्रियापद आहे आणि ही सोय आजच्या इंग्रजीत लिहिणाऱ्याला इतक्या सहज मिळत नाही.

एक लहान सूचना. मराठीत ‘वाटणे’ वस्तूशी जुळते: ‘तो मला बरा वाटतो’, ‘ती मला बरी वाटते’. ‘मिथिंक्स’ गोठलेले असल्याने कधीच बदलत नाही, त्यामुळे लिंगवचनाचा निर्णय संदर्भावरून आपणच घ्यायचा असतो.

मग ‘मला वाटते’ आणि ‘मिथिंक्स’ यांचे मूळ एकच आहे का?

सर्वनामातला ‘म’ एकाच कुळातला आहे. संस्कृतचे ‘मे’ आणि ‘मह्यम्’, मराठीचे ‘मज’ आणि ‘मला’ आणि इंग्रजीचे ‘मी’ हे सगळे त्याच जुन्या सर्वनामाचे वंशज आहेत. क्रियापदांचा मात्र एकमेकांशी संबंध नाही. आणि रचना सारखी आहे म्हणून ती वारशाने आलेली आहे असे म्हणणे घाईचे होईल. संस्कृतात ‘मह्यं रोचते’ आहे आणि पाणिनीने रुचणे या अर्थाच्या धातूंसाठी चतुर्थीचा नियमही सांगितला आहे, पण अशीच रचना कन्नडसारख्या द्राविडी भाषांतही भरभरून आढळते. ज्या गोष्टी माणसाच्या इच्छेवाचून त्याला होतात, त्या ‘मला’ने सांगणे अनेक भाषांना स्वतंत्रपणे सुचलेले असू शकते.

उच्चार कसा करावा?

आघात दुसऱ्या अवयवावर द्यावा, म्हणजे ‘थिंक्स’वर, आणि पहिला स्वर ऱ्हस्व ठेवावा. ‘थ’ हा आपल्या ‘थ’सारखा नाही. जिभेचे टोक वरच्या दातांना अलगद लावून हवा सोडावी.

‘हिमथिंक्स’ किंवा ‘दाउ थिंकेस्ट’ असे म्हणता येते का?

‘त्याला वाटते’ या अर्थाची सुटी रूपे चॉसरच्या काळी होती, पण ती ‘मिथिंक्स’सारखी एक शब्द होऊन टिकली नाहीत. म्हणून आज ती बनवू नयेत. ‘दाउ थिंकेस्ट’ हे शुद्ध आहे, मात्र ते विचार करण्याच्या क्रियापदाचे द्वितीय पुरुषी रूप आहे, म्हणजे ‘तू विचार करतोस’. त्याचा या रचनेशी संबंध नाही.

आज इंग्रजी लिहिताना हा शब्द वापरावा का?

परीक्षेच्या उत्तरात, अर्जात, कार्यालयीन पत्रात किंवा शोधनिबंधात वापरू नये. आजच्या इंग्रजी वाचकाला तो नाटकी किंवा थट्टेचा वाटतो आणि गंभीर मजकुरात त्यामुळे विधानाचे वजन कमी होते. ललित लेखनात, ऐतिहासिक कथेत किंवा मित्राला लिहिलेल्या पत्रात तो जरूर यावा. वापरताना त्याच्याआधी ‘आय’ जोडू नये, तो एकच शब्द म्हणून लिहावा आणि त्याच्यानंतर ‘दॅट’ शक्यतो टाळावे. वाक्याच्या सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी तो कुठेही बसतो. मध्ये किंवा शेवटी आला तर स्वल्पविरामाने वेगळा करावा.